वीस जोड्या, एकच माप

ओस्मो : आधी बस. उभ्या उभ्या बोलणाऱ्या कोचला मी उत्तर देत नाही.

इल्का : बसायला वेळ नाही, ओस्मो. तुला आधी सांगावं म्हणून आलो. दुसऱ्याकडून कळलं असतं तर आठवडाभर माझ्याशी बोलला नसतास.

ओस्मो : महिनाभर. काय ते सांग.

इल्का : सकाळी मेर्याबाईंनी घरी बोलावलं होतं. क्लबच्या अध्यक्ष म्हणून. लापशी वाढली, वर लोणी घातलं आणि म्हणाल्या, आजची मॅच हरलास तर उद्यापासून आम्ही दुसरा कोच शोधतो.

ओस्मो : लापशी खाल्लीस?

इल्का : खाल्ली.

ओस्मो : बरं केलंस. मेर्या लापशी चांगली करते. बाकी तिचं काही मनावर घेऊ नकोस.

इल्का : कसं नको घेऊ? चौदा मॅचमध्ये बारा हरलो. हेलसिंकीतली चांगली नोकरी सोडून आलो ती काय यासाठी? वाटलं होतं, आपल्या गावची आइस हॉकीची टीम आपण वर काढू. याच बर्फावर शिकलो ना मी.

ओस्मो : आणि मी स्केटची पाती घासायचो तेव्हा याच बाकावर बसायचास. सात वर्षांचा, नाक गळतंय, आणि मला हुकूम सोडायचास, नाड्या घट्ट बांध म्हणून.

इल्का : तेव्हा तू ऐकायचास.

ओस्मो : आताही ऐकतो. तेच तर झालंय.

इल्का : काय झालंय?

ओस्मो : काही नाही. वेलदोड्याचा पाव घे. बायकोने भाजलाय, तुझ्यासाठी दोन जास्त पाठवलेत.

इल्का : पद्धत चुकीची नाहीये, ओस्मो. पहिले दोन पिरियड बघ तू. पाच जण पाच जागी, कुणी कधी थांबायचं, कधी वळायचं, सगळं ठरलेलं. समोरच्याला मधून चकतीएवढी वाट सापडत नाही. आणि तिसऱ्या पिरियडला सगळा पत्त्यांचा बंगला. बारातल्या नऊ मॅच आपण शेवटच्या वीस मिनिटांत घालवल्या. खरं सांगू? पोरांना मीच नकोय. मुद्दाम अंग काढून घेतात.

ओस्मो : असं पुन्हा बोलू नकोस. परवा रौतिओचा दात पडला, तो खिशात घालून पुन्हा बर्फावर उतरला. कप्तान अंग काढून घेतो असं म्हणतोस?

इल्का : मग जमत का नाही त्यांना? सरावाला मी स्वतः करून दाखवतो. घसरत जातो, थांबतो, पुन्हा निघतो. माझं वय अडतीस, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी मला पिसासारखं हलकं वाटतं. आणि ती तेवीस-चोवीसची घोडी माझ्यामागे धापा टाकतात.

ओस्मो : तो रौतिओचा स्केट दे इकडे. नको, तूच धर. पात्याच्या खालच्या बाजूने अंगठा फिरव. जपून.

इल्का : खाच खोल आहे. मीच सांगितलेलं माप आहे हे.

ओस्मो : रौतिओचं वजन किती?

इल्का : एकशे चार.

ओस्मो : एकशे चार किलोचा माणूस इतक्या खोल खाचेवर उभा केला की पातं बर्फात रुततं. थांबतो छान. तुझ्या शिट्टीबरोबर थांबतो. पण पुन्हा निघताना दर वेळी पाय उपटून काढावा लागतो, चिखलातून बूट काढावा तसा. चाळीस मिनिटं उपटतो बिचारा. मग मांड्या भरून येतात.

इल्का : सगळे एकाच अंतरात थांबावेत, म्हणून तसं सांगितलं होतं.

ओस्मो : माहीत आहे. तुझा कागद अजून घासायच्या मशीनवर चिकटवलेला आहे. प्लास्टिकमध्ये घालून दिला होतास. ‘सर्वांना एकच माप,’ आणि खाली वीस नावं. एकतीस वर्षं मी ज्याच्या त्याच्या पायाप्रमाणे पाती घासत आलो, इल्का. कुणाचं वजन किती, कुणाचा घोटा कधी मोडलाय, कोण टाचेवर बसतो. आणि या हिवाळ्यात वीसच्या वीस जोड्यांना एकच खाच.

इल्का : तेव्हाच का नाही बोललास?

ओस्मो : पाव गार होतोय.

इल्का : ओस्मो, मी विचारतोय. तुला हे माहीत होतं?

ओस्मो : डिसेंबरपासून खात्री होती. त्याआधी नुसती शंका.

इल्का : आता फेब्रुवारी चालू आहे.

ओस्मो : हो. याआधी तीन कोच आले, तिघांनाही मी तोंडावर नाही म्हटलंय. मेर्याला विचार. पण सप्टेंबरात तू त्या दारातून आत आलास, गळ्यात शिट्टी, हातात तो कागद. मला इतका आनंद झाला होता की पाती उलटी बसव म्हणाला असतास तरी बसवली असती. तुला नाही म्हणवलं नाही मला. चुकलंच माझं.

इल्का : रौतिओ आला होता माझ्याकडे. पाय जड होतात म्हणाला. मी म्हटलं, होईल सवय.

ओस्मो : माझ्याकडेही आला. मी म्हटलं, कोचला विचार.

इल्का : म्हणजे आपण दोघांनी मिळून त्याला दमवला. मला तुझा राग आलाय, ओस्मो. खरंच आलाय.

ओस्मो : येऊ दे. हक्क आहे तुझा.

इल्का : किती वाजले?

ओस्मो : साडेबारा. पोरं तीनला येतील.

इल्का : चाळीस पाती. तोवर होतील?

ओस्मो : एकट्याने नाही व्हायची. कुणी पुसून हातात दिली तर होतील.

इल्का : मी देतो. पण प्रत्येकाचं जुनं माप कुठे लिहिलंयस?

ओस्मो : लिहायचं कशाला? डोक्यात आहे.

इल्का : गेल्या आठवड्यात तू चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होतास.

ओस्मो : चष्म्याचं सोड. पाय मी विसरत नाही.

(प्लास्टिकचा कागद टराटरा निघाल्याचा आवाज. मशीन सुरू होतं.)

ओस्मो : एवढाच कागद काढ. तुझी ती डावपेचांची जाडी फाइल नको फेकूस, चांगली आहे ती. कुठे उभं राहायचं ते सांग पोरांना, कधी थांबायचं तेही सांग. कसं थांबायचं ते त्यांचं त्यांना बघू दे.

इल्का : आणि तरीही हरलो तर?

ओस्मो : तर उद्या सकाळी माझ्याकडे ये. लापशी मलाही येते, आणि लोणी मी मेर्यापेक्षा जास्त घालतो. हं, कुणाचा आहे तो?

इल्का : एलियासचा.

ओस्मो : अडुसष्ट किलो, उडता पोरगा. त्याला खोलच लागते. बाजूला ठेव, ते पातं नुसतं साफ करू. पुढचा?

इल्का : रौतिओ.

ओस्मो : दे, दे. याचं आधीच करायला हवं होतं. आज याला वाटेल, कुणीतरी पाठीवरची गोणी उतरवली.

इल्का : मी त्याची माफी मागणार आहे. सगळ्यांसमोर.

ओस्मो : तू मागशील तेव्हा मीही शेजारी उभा राहीन. हं, चल, पुसत राहा. बोलताना हात थांबतो तुझा, लहानपणापासून.

इल्का : हे शेवटचे. नाही, वीस तर झाल्या. ही एकविसावी जोडी कुणाची?

ओस्मो : आपले स्वतःचे स्केट ओळखत नाहीस?

इल्का : माझे होय. घे, यांचंही करून टाक.

ओस्मो : त्यांना काही करायचं नाही.

इल्का : का? सगळ्यांसारखीच खोल खाच असेल ना?

ओस्मो : अंगठा फिरवून बघ.

इल्का : उथळ आहे. ओस्मो, ही तर अगदी उथळ आहे.

ओस्मो : तू पंधरा वर्षांचा होतास तेव्हापासूनचं माप आहे तुझं ते.

इल्का : म्हणून मला हलकं वाटायचं. आणि मी त्यांना आळशी म्हणत होतो.

ओस्मो : तुझ्या कागदावर तुझं नाव नव्हतं, पोरा. मी तरी काय करणार. ठेव ते खाली आणि हात धू, मुलं आली बघ.