हलका हात

रोह्याच्या स्टँडवर पेणच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. दोघींच्या पावलांना ओली माती.

"जुन्या बागेत खड्डा मी खणला, पिंकी. मडकं माझ्या फावड्याला लागलं. पुरातत्त्वाच्या मॅडमला हाकपण मीच मारली."

"मग पेपरात फोटो त्या पुतळीबायचा कसा गो?"

"ती जोह्याला मूर्तींच्या कारखान्यात गणपतीचे डोळे रंगवते ना. मॅडम बोलली, हिचा हात हलका हाय, ब्रशनं माती हीच काढंल. मला बोलली, हौसाताई, तुम्ही जरा लांब उभ्या रहा."

"तुझा हात काय जड हाय?"

"मिठागरात वीस वर्षं मीठ ओढलं. मिठाला खालचा चिखल कधी लागू दिला नाय."

"जाऊ दे गो."

"आज तिथंच बाजूला पाइपाच्या चरात दगड लागला. त्यावर बाईचं तोंड कोरलेलं. नाक, डोळे सगळं शाबूत."

"मॅडमला दाखवलास?"

"मॅडम पुतळीसंगती चहा पीत व्हती."

"मग?"

"माती लोटली परत."

"हौसा, उद्या तिथं काँक्रीट पडणार."

"ठावं हाय. पण लोटली हलक्या हातानं. नाकाला खरचटलं पण नाय."