विमान उतरेपर्यंत पाणी नाही

हॅलो?… हॅलो, जळगाव का?… इंदिराअक्का? अक्का, मी कंचन! समोरच्या घरातली कंचन!… अहो, रडू नका. जिवंत आहे मी… हो, हेसुद्धा. दोघंही धड आहोत. मुंबईत, सांताक्रूझला, आत्ताच उतरलो…

अक्का, ते सगळं मागाहून. सासूबाईंनी पाणी घेतलं का?

अहो, असं काय करता? तुम्हीच नव्हतं का मला बजावलं? 'विमान कधी उडणार ते सूरजबाईला कळवू नकोस बाई, लेक उतरल्याचा निरोप कानावर पडेतो ती पाण्याचा थेंब घेणार नाही, आणि दिवस वैशाखाचे.' मी मेली हसले. म्हटलं, एका रात्रीचा तर प्रश्न… हो ना, ह्यांनीच कळवलं. नैरोबीला थोरल्या दिरांच्या घरून तार केली, बुधवारी रात्री निघतो म्हणून. आज शुक्रवार, अक्का!

काय?… रेडिओवर?… 'संपर्क तुटला'… आणि पुढे?… पुढे काहीच सांगितलं नाही?… नाही हो, समुद्रात नाही पडलो. वाळूत उतरलो.

आग लागली इंजिनाला. माझ्याच खिडकीच्या बाजूचं. आधी ठिणग्या उडाल्या, फुलबाजीसारख्या. मला वाटलं, असंच असत असेल. मग ह्यांच्याकडे बघितलं, तर खुर्चीचा दांडा असा आवळून धरलेला… हो… ती विमानातली पोरगी रांगेरांगेने सांगत आली, चष्मे काढा, चपला काढा, केसांतले आकडे काढा, बांगड्या काढा. नवरा शेजारी बसलेला, बांगड्या कशा काढू, अक्का? पदर गुंडाळला वरून. खाली नुसता काळोख. हे नवकार म्हणत होते, मध्येच विसरले, परत पहिल्यापासून सुरू…

अरबांच्या मुलखात कुठेसं. चार बराकी आणि वाळू. तार नाही, फोन नाही. दुसरं विमान येईतो तिथेच बसवलं. तिथे मी घटाघटा पाणी पीत होते, आणि दर घोटाला सासूबाई आठवायच्या…

सांगा ना, घेतलं का त्यांनी?… 'माहीत नाही' म्हणजे काय? समोर राहता तुम्ही!… नाही हो, रागावत नाही. सांगा, ऐकते.

आमच्या पेढीच्या भंवरलालजींनी?… मुनीमजी घरी आले आणि रेडिओ उचलून नेला? दुरुस्तीला म्हणून?… सासूबाईंना बातमी कळू नये म्हणून, बरं… आणि स्वयंपाकाच्या झुंबरबाईला का घालवलं घरातून?… तिच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून. ते खरं आहे… मग घरात कोण राहिलं?… त्या आणि रेणू? दोघीच? चार वर्षांची पोर आहे माझी!

आणि तुम्ही?… शेजारच्या मोहनबाई?… कुणीच नाही?… 'कुठल्या तोंडाने जायचं'… कळलं. बठ्ठ्या गल्लीला, घराघराला ठाऊक, म्हणून कुणी कडीच वाजवली नाही. माणूस दारात गेलं की तोंडावरून ओळखतील, म्हणून… नाही, तुम्हाला बोल लावत नाही. कुणाला सांगवेल हो असं?…

ऑपरेटर, आणखी तीन मिनिटं वाढवा! अहो, वाढवा म्हटलं ना!… अक्का? आहात ना?

रेणू दिसली का कुणाला?… तुम्हालाच? कधी?… सकाळी, खिडकीत. हसत होती?… बोलली काही?… परत सांगा. नीट सांगा, जसं म्हणाली तसं.

'आजी उठत नाही, मी तिला वारा घालते.'

…आणि तुम्ही काय म्हणालात?… 'घाल हं, शहाणी ती.'… हो, तुम्हाला वाटलं, झोपल्या असतील. अक्का, आठवून बघा, सासूबाईंना दिवसा कधी आडवं झालेलं बघितलंय तुम्ही? गेल्या पर्युषणात चक्कर येऊन पडल्या, तेव्हा तरी खाटेला पाठ लावली का?

आता बघा. खिडकी दिसते ना तिथून?… आहे का रेणू?… नाही?… हाक मारून बघा… मारा की!… काही नाही?…

ऐका. दार आतून लावलेलं असणार, वरची कडी. पोरीचा हात पोचत नाही तिथवर. तोताराम सुताराला हाक मारा, परसातल्या दाराची फळी मोडू दे… हो, मोडू दे! मुनीमजींना विचारायला पाठवू नका कुणाला. रेणूला आधी बाहेर घ्या, तिने पाणी प्यायलंय का बघा… आणि अक्का, सासूबाईंच्या तोंडाला लगेच भांडं लावू नका. शुद्ध असेल तर ओठ मिटून घेतील. आधी कानाशी जाऊन मोठ्याने सांगा, 'लेक उतरला, सून उतरली.' पाणी त्यानंतर. आधी निरोप…

त्या ऐकतील… ऐकतील हो. तुम्ही सांगा तर खरं.

नाही, आता काही विचारू नका… आमचं जेवण होईल कसंही… जा ना, अक्का. अजून तुमचा श्वास ऐकू येतोय मला. ठेवा फोन, जा…

हॅलो?… अजून तिथेच?… मग मीच ठेवते फोन. जा, बघा त्यांना.