रिकाम्या तारखा

(राफ्ट ठेवायची खोली. वहिनी आणि दीर जमिनीवर बसून एका जुन्या राफ्टला ठिगळ लावताहेत.)

दीर : म्हणजे सप्टेंबरही गेला. पुढचा महिना बोला.

वहिनी : गेला कसा? अजून यायचाय तो.

दीर : कॅलेंडरात यायचाय. नदीत नाही यायचा. पाऊस थांबला की वरच्या धरणाचा बोगदा सगळं पाणी गिळतो आणि डोंगरापलीकडं नेऊन ओकतो. आपल्याकडं काय, ओले दगड.

वहिनी : तो कोपरा दाबून धरा भाऊजी. बोलता बोलता हात सुटतो तुमचा.

दीर : धरलाय. पण डॉक्टरीणबाईंचा फोन येईल आता, यंदाची तारीख विचारायला. त्यांना काय सांगणार ते बघा आधी.

वहिनी : तेच तर बघतेय. ऑक्टोबर. ऑक्टोबरातलं पाणी आठवतं? हिरवं, गार, आणि तळातला खडा न् खडा दिसायचा. तुमचे दादा म्हणायचे, नवख्या माणसाला ऑक्टोबरात आणा. घाबरेल, पण रडणार नाही.

दीर : दादा बोलायचे ते त्यांच्या नदीबद्दल. आता ऑक्टोबरात त्याच खड्यांवर पोरं चेंडू खेळतात. मी स्वतः परवा मेहुण्यापाशी उभा होतो, चपला घालून.

वहिनी : मेहुण्यापाशी? चपला घालून?

दीर : हो. आता कोरडा ठणठणीत आहे तो.

वहिनी : अरे देवा. काय वळण होतं ते! सांगून कधी आला नाही, आणि आला की सगळ्यांना गदागदा हलवून जायचा. म्हणून तर मेहुणा नाव ठेवलं ह्यांनी. माझा भाऊ रुसला होता तेव्हा.

दीर : आणि त्याच्या पुढच्या मोठ्या लाटेला सासू म्हणायचं धाडस केलं, तेव्हा आई दोन दिवस जेवली नव्हती.

वहिनी : आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, मलाही बसवा एकदा, बघू दे मी किती वाईट आहे. हसताय काय? पदर खोचून बसल्या होत्या पुढं. वल्हं सोडलं नाही हातातलं.

दीर : वहिनी, नोव्हेंबर.

वहिनी : नोव्हेंबर... थंडीत वर कारखाने चालू असतात ना? वीज लागत असेल त्यांना. पाणी सोडत असतील.

दीर : सोडतात, पण ते पलीकडं. आपल्या बाजूचं दार बंदच. धरणावरच्या गेटवाल्याला फोन केला होता मी. म्हटलं, एक सकाळ सोड बाबा, जुन्या ओळखीखातर.

वहिनी : मग?

दीर : तो म्हणतो, माझ्या हातात काहीच नाही. हुकूम शहरातून येतो. मी आपला साखळीला वंगण लावतो.

वहिनी : इतक्या वर्षांत गिऱ्हाइकानं कधी तारीख ठरवली का हो इथं? एकदा तरी? मी सांगायची. पहाटे मागच्या दाराशी उभी राहायची, आवाज ऐकायची. खडखडाट आला की पाणी उतरलंय. घुमल्यासारखा आला की आठवड्यात या म्हणून कळवायची. लोकांनी लग्नं पुढं ढकलली माझ्या तारखेसाठी.

दीर : आणि गेल्या वर्षी?

वहिनी : गेल्या वर्षीचं काढू नका.

दीर : काढावं लागतं. तुम्ही आठवणीतल्या ऑक्टोबराची तारीख दिलीत. डॉक्टरीणबाई आणि त्यांच्या मैत्रिणी, साठीच्या बायका, डोक्यावर राफ्ट घेऊन अर्धी नदी चालल्या. एकीचा पाय मुरगळला.

वहिनी : त्या हसत होत्या.

दीर : त्या तुमच्यासमोर हसत होत्या. मी मागं होतो, मला ऐकू येत होतं. "राफ्टनं आपल्याला न्यायचं की आपण राफ्टला?" म्हणाल्या.

वहिनी : जुलै.

दीर : काय?

वहिनी : जुलैत पाणी असतं. भरपूर असतं.

दीर : तुम्ही म्हणताय हे? दादांनी एकदा जुलैत राफ्ट उतरवली, तर तुम्ही आठवडाभर बोलला नव्हतात त्यांच्याशी!

वहिनी : तेव्हाही उतरून आलेच ना ते सुखरूप.

दीर : तेव्हा नदी हळूहळू चढायची. आता धरण भरलं की दार उघडतात आणि भिंतच्या भिंत येते खाली. ना भोंगा, ना निरोप. कुणाची राफ्ट त्यात घालू मी? बोला ना. कुणाची?

वहिनी : नाही, नाही. नको. मी काय बोलून गेले. तोंडाला काही बांध राहिला नाही माझ्या.

दीर : रडू नका. ठिगळावर पाणी नको.

वहिनी : एक तारीख द्या मला वर्षातली. एकच. ही एक राफ्ट ठेवते, बाकीच्या त्या वॉटरपार्कवाल्याला द्या. वर्षातून एकदा का होईना, तुम्ही याल, राफ्ट उतरेल, मी डबे करीन. नाहीतर मी मुलाच्या घरी जाऊन काय ऐकू पहाटे? लिफ्ट?

दीर : असती तर दिली नसती का?

वहिनी : तुम्ही नोकरीला हो म्हणालात त्यांना. पार्कवाल्यांना.

दीर : काल म्हणालो. तिथं लाट बटणावर येते. आधी गाणं वाजतं, मग लाट. पाणी कमरेएवढं. बुडायचं तर माणसाला मुद्दाम आडवं व्हावं लागेल.

वहिनी : आणि तुम्ही काय करायचं?

दीर : काठावर उभं राहून शिट्टी वाजवायची.

वहिनी : सासूच्या तोंडातून माणसं ओढून काढलीत तुम्ही.

दीर : त्यांनी ते विचारलं नाही. टोपीचं माप विचारलं. ... एक सांगायचं राहिलंय. मी पलीकडंही जाऊन आलो होतो. बोगद्याचं पाणी पडतं ना, तिथं नवीन राफ्टिंग सुरू झालंय. म्हटलं, आपलंच पाणी आहे, घेतील.

वहिनी : मला बोलला नाहीत.

दीर : नाही घेतलं. पंचविशीतली पोरं हवीत त्यांना.

वहिनी : पाणी बघितलंत?

दीर : बघितलं.

वहिनी : कसं होतं?

दीर : खूप होतं, वहिनी.

वहिनी : ... फोन वाजतोय. द्या इकडं. हात पुसू दे. हॅलो?

डॉक्टरीणबाई : वहिनी! बोला, कधी यायचं? रजा टाकायचीय. आणि ऐका, यंदा नातीला आणतेय. कार्टी पोहायला शिकली, ती फक्त तुमच्या त्या मेहुण्यासाठी. मी इतकं रंगवून सांगितलंय.

वहिनी : बाई, यंदा तारीख नाही.

डॉक्टरीणबाई : भरल्या सगळ्या? आमच्यासाठी एखादी काढा की! आम्ही काय आजचे आहोत?

वहिनी : भरल्या नाहीत. सगळ्या रिकाम्या आहेत.

डॉक्टरीणबाई : म्हणजे?

वहिनी : पाणी नाही. कुठल्याच महिन्यात नाही. मी आणि भाऊजींनी आत्ता सगळं वर्ष धुंडाळलं.

डॉक्टरीणबाई : बरं, मग पुढच्या वर्षी येऊ. चांगला पाऊस झाला तर...

वहिनी : पावसाचा दोष नाही बाई. पुढच्या वर्षीही नाही. गेल्या वर्षीच सांगायला हवं होतं मी. तुमच्याही लक्षात आलं होतं, तुम्ही बोलला नाहीत.

डॉक्टरीणबाई : कसं बोलायचं, वहिनी? तुम्ही काठावर डबे घेऊन उभ्या होतात.

वहिनी : नातीला पलीकडं न्या. डोंगराच्या त्या अंगाला. तिथं चालू झालंय.

डॉक्टरीणबाई : छे! तुम्हाला सोडून तिकडं? मैत्रिणी माझं नाव टाकतील.

वहिनी : पाणी आमचंच आहे ते. संकोच करू नका. पोरगी शिकलीय ना पोहायला? मग न्या. पुढच्या वर्षावर टाकू नका. आम्ही टाकत बसलो.

डॉक्टरीणबाई : ... मग तिथं कधी जावं? तुम्हीच सांगा. तुमची तारीख असली की मला भीती नसते.

वहिनी : ते नाही सांगता येणार. पाणी आमचं असलं तरी दगड दुसरे. तिथल्या माणसाला विचारा. ठेवते मी. नातीला सांगा, हेल्मेटचा पट्टा घट्ट लाव.

दीर : एखादी तारीख सांगायची होती. बरं वाटलं असतं त्यांना.

वहिनी : ऐकल्याशिवाय? काहीही?

दीर : टेम्पो सकाळी येतोय. मग ही पण द्यायची?

वहिनी : ही पण.

दीर : बरं. ... पलीकडं मी फिरलो सगळीकडं. ऑफिस आहे, पोरं आहेत, तारखांचा मोठ्ठा फळा आहे. पण काठाशी थांबून पाणी ऐकणारं कुणी दिसलं नाही मला.

वहिनी : तुम्ही दुपारी गेला असाल.