लाल ठिपक्याची काडतुसं

—नाही, पुसू नकोस, राहू दे तसंच. रिव्हॉल्वरची चकरी बाहेर काढून ठेव, नळी टेकाडाकडं, आणि बस. त्या बादलीवर बस, उलटी आहे ती, मोडत नाही — तुझा बापही तिच्यावरच बसायचा. कागद आण इकडं. हं... एक इथं, एक पार तिथं, हे खाली... पाच गोळ्या आणि भोकं तीन. बाकीच्या दोन? कागदामागच्या टेकाडात गेल्या. टेकाडाला नेम बरोबर लागतोय तुझा, त्यात काही वाईट नाही, मीही सुरुवात तिथूनच केली. हसलास? हस जरा. सकाळपासून तोंड असं केलंयस की जणू तुझा बाप हार्लन मार्चमध्ये नाही, आत्ताच गेलाय.

काय म्हणालास? रिव्हॉल्वर क्लबाला देऊन टाकणार? भिंतीवर लावायला? आणि शनिवारी स्पर्धेत तू उभाच राहणार नाहीस? अरे कर्टिस, कप कुणाच्या नावाचा आहे? हार्लन रीट्झच्या. पहिल्याच वर्षी त्याचा मुलगा घरी बसला, तर बंबवाल्यांच्या फायर हॉलमधली माणसं वर्षभर तेवढंच बोलतील — त्यांना काम काय आहे दुसरं? थांब, कॉफी घे. प्रेट्झेल घे, मऊ झालेत, पण माझ्या दातांना मऊच बरे.

आता ते खोकं दाखव. दुकानातून आणलंस ना? वाटलंच मला. अस्वलाचं चित्र आहे वर, तोंड उघडलेलं. कशाला घेतलंस हे? बाबा सगळ्यात जोरकस काडतूस वापरायचे म्हणून? हो, म्हणायचा तो तसं. पण मला सांग, पन्नास यार्डांवर काय उभं आहे? कागद. कागद अंगावर येतो का? मी चाळीस वर्षं बघतोय, अजून एकदाही आला नाही. ही गोळी अस्वलाच्या आरपार जाऊन मागच्या झाडात बसायला केलेली आहे, आणि तू ती एका हातानं, दुसरा हात खिशात घालून, जेवणाच्या ताटलीएवढ्या काळ्या वर्तुळावर मारतोयस. पहिल्या गोळीला मनगट म्हणतं, बाप रे. दुसरीला मनगट आधीच दबतं, आणि गोळी मागून निघते. नाही? तू दचकत नाहीस? — बरं. मघाशी चकरी मी भरून दिली ना? सहांतलं एक काडतूस माझं होतं. वरून अगदी तसंच, आत दारू नाही. चौथ्या वेळेला नुसतं टक् झालं आणि तू म्हणालास, फुसकं निघालं. मी म्हटलं, असेल. पण मी नळी बघत होतो. कोंबडी दाणा टिपते ना, तशी वाकली नळी. लाजू नकोस. सगळ्यांची वाकते. खोटं काडतूस घातल्याशिवाय कळत नाही, एवढंच.

मोठ्या तोंडाचं रिव्हॉल्वर वाईट नसतं, बाळा, उलट फार गरीब जनावर आहे ते, फक्त त्याला पळवायचं नसतं. सपाट तोंडाची गोळी घ्यायची, शिशाची, दारू अगदी थोडी. जड गोळी हळू जाते, पण सरळ जाते, आणि कागदात भोक कसं पाडते? तिकीट पंच केल्यासारखं, गोल, कडा साफ. रेघेला शिवली तर शिवलेली दिसते आणि वरचा गुण मिळतो. ती अस्वलवाली फाडते कागद, रेघेजवळ नुसती चिंधी राहते, आणि मग तासभर भांडा. मी शिकलो कुठं, तर इथंच, या शेडमध्ये, या भांड्यात शिसं वितळवून. टायरवाल्याकडून चाकांची जुनी वजनं आणायची, साच्यात ओतायची, वरून मेण. शाळेत आठवीपुढं गेलो नाही मी, पण शिसं कधी तयार झालं ते मला नुसत्या रंगावरून कळतं — असो. कुठं होतो मी?

हां, हे. हे खोकं घे. तुझ्यासाठी करून ठेवलीत, पन्नास आहेत. नाही नाही, बायकी नाहीत. कोण म्हणालं बायकी? — बरोबर, तोच म्हणायचा. फायर हॉलमध्ये हॅमच्या जेवणाला टेबलावर मूठ आपटून म्हणायचा, हलकी काडतुसं भरतकामाच्या मंडळाला द्या, मी पुरुषासारखं मारतो. माझी बायको लोरेन समोर बसलेली. ती हलकीच मारायची आणि अर्ध्या क्लबला मागं टाकायची. ती बटाटे वाढता वाढता म्हणाली, "हार्लन, पुरुषासारखं मार, पण कागदाला लागू दे." हॉल हसला. तो नाही हसला. म्हणून म्हणतो, घे ही मुकाट्यानं. तुझ्या बापानं तरी कुठं ती अस्वल—

काही नाही. काही नाही म्हटलं ना. कॉफी पी.

असं बघू नकोस माझ्याकडं. अगदी त्याच्यासारखा बघतोस.

बरं, ऐक. पण हे टेकाडाबाहेर जायचं नाही. तू तेव्हा चार-पाच वर्षांचा असशील. पोलादाचा कारखाना बंद झाला ते साल. हार्लनचं घर गेलं नाही, तुझी आईही गेली नाही, पण बाकी सगळं गेलं — सकाळी उठून जायचं कुठं, तेच गेलं. राहिला एक शनिवार. आणि शनिवारी तो मारायचा ते तुझ्यासारखंच, टेकाडात. आमच्या क्लबात आपला कागद आपण मोजायचा नसतो, शेजाऱ्यानं मोजायचा. त्याचा शेजारी मी. मी त्याचे गुण लिहायचो, तो तिकडं बघत उभा राहायचा. एकदा लिहून झाल्यावर म्हणाला, "मर्ल, पुढच्या शनिवारपासून नाही येत रे मी." बस्, एवढंच. आता त्याला कसं सांगायचं, की हलकी घे? हॉलमध्ये मूठ आपटून झालेली! तर मी सांगितलंच नाही. मी म्हटलं, हार्लन, तुझी काडतुसं मी भरून देतो, दुकानापेक्षा जोरकस. आणि लोरेनची हलकीच दिली. तीच दारू, तीच गोळी. माझ्या काडतुसांत मिसळू नयेत म्हणून लोरेननं बुडावर तिच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला, लाल. त्यानं विचारलं, हा कसला? माझ्या तोंडून निघून गेलं — जास्त दारूची खूण, जपून वापर.

पुढचं तुला माहीत आहे. तो कप, मग पुढचा कप. अकरा वर्षं. आणि अकरा वर्षं दुसरा कोण? मीच. माझीच काडतुसं, माझ्याच बायकोचं नेलपॉलिश, आणि त्याचा कागद मोजणाराही मी! आणि तो काय करायचा, तर खिशातून लाल ठिपक्याचं काडतूस काढून नव्या लोकांना दाखवायचा, "हे हाताळायला मनगट लागतं." प्रत्येक फेरीनंतर मनगट चोळायचा. "मर्ल, खेचराची लाथ आहे रे ही." लोरेन तोंडावर रुमाल धरायची. घरी येताना गाडीत म्हणायची, काय भोळा माणूस आहे. मीही म्हणायचो, भोळाच. ती गेली त्या वर्षी तिची बाटली मी ठेवून घेतली. ती सुकली, मग तसाच रंग शोधत औषधांच्या दुकानात उभा राहिलो मी, ती पोरगी विचारते, "कुणासाठी, आजोबा?" म्हटलं, हार्लनसाठी. सांगायला नको होतं.

तर तो काही तुझ्यापेक्षा वेगळा नव्हता. मनगट तेच. आता तुझ्या मनात बाप लहान झाला असेल तर तो दोष माझा, त्याचा नाही. त्याला बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

काय? काय आहे ते? तंबाखूचा डबा... त्याच्या कपाटातला? दे. चष्मा कुठं गेला माझा — हां. काडतुसं. दुकानची, अस्वलवाली. हिरवी पडलीत. ठिपका नाही. आणि ही चिठ्ठी — अक्षर त्याचंच, कोंबडीचे पाय. वाचतो, थांब, सावकाश वाचतो मी. "अस्वलासाठी. शनिवारी ही नकोत. शनिवारी मर्लचीच."

...

अस्वलाच्या शिकारीला दुकानची नेत होता? पण माझी तर दुकानापेक्षा जोरकस होती ना? जास्त दारूची. मीच सांगितलेलं. मग डोंगरात अस्वलासमोर माणूस कुठली नेईल? जास्त जोराची नेईल ना? तो तर ही... कर्टिस, तो तर ही न्यायचा.

म्हणजे त्याला माहीत होतं... आणि ते मनगट चोळणं... दर शनिवारी...

नको, राहू दे. मला काही झालं नाही. शिशाचा धूर आहे, जुना.

ऊठ आता. रिव्हॉल्वर पिशवीत घाल, अस्वलाचं खोकं इथंच ठेव, ठिपक्यांचं घेऊन जा. शनिवारी नऊला. तुझा कागद मी मोजणार आहे, आणि मी कुणाला गुण फुकट देत नाही. जा. — आणि ऐक. प्रत्येक फेरीनंतर मनगट चोळायला विसरू नकोस. लोक बघत असतात.