पोट कुणाचं?

तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर मी पुस्तक उघडून बसलो होतो. आत एक म्हातारी, तिचा मुलगा आणि शिकाऊ नर्स होती. नर्सिंगच्या मॅडम आत गेल्या, दार उघडंच राहिलं आणि माझं वाचन थांबलं.

"आजींना दुखत नाही, मॅडम. घरी पाठवू?"

"कुणी सांगितलं?"

"त्यांच्या मुलाने."

"मग पोटही त्याचंच तपासलंस का?"

"अहो मॅडम, आईला काही झालेलं नाही. वयामुळे जेवत नाही, इतकंच."

"दादा, तुम्ही जरा गप्प बसा. आणि तू, आधी हात चोळून गरम कर. हलकेच दाब. पोटाकडे नको, चेहऱ्याकडे बघ."

"मॅडम... उजवीकडे दाबलं की आजी डोळे मिटून घेतात. पोट कडक लागतंय."

"सर्जनना बोलाव, आत्ताच्या आत्ता! अशा बाईला घरी पाठवत होतीस?"

"आई, अगं, मला सांगायचंस तरी!"

"तुला कालच सांगितलं, तर म्हणालास गॅस झालाय."

"मग आजी, मला सांगायचंत ना!"

"तू विचारलंस कुठे गं? सकाळपासून जी येते ती माझ्या पोटाची चौकशी याच्याकडेच करतेय!"