रखमाजीचा सारंग

बसा मंडळी, सरकून बसा. आधी एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका, पुढे अडचणीत याल! माणसाला मान देणं अवघड, की कान देणं अवघड?

"मान!" — म्हणालं कोणीतरी खांबाआडून. बरं. शाल आणली, नारळ आणला, हार घातला — झाला मान! बाजारात तयार मिळतो. कान कुठल्या दुकानात मिळतो? ऐका तर.

बोरवंड नावाचं गाव. तिथे रखमाजी वाजंत्री सनई वाजवायचा. कोणाचंही लग्न असो, याची जागा ठरलेली — मांडवाच्या दारात, चपलांशेजारी. दुपारचा मुहूर्त, म्हणून तो दुपारचा राग, सारंग, धरायचा. सारंग जरा रंगात आला, की आतून आरोळी — "रखमाजी, बास! अक्षता पडल्या!" पुन्हा धरला, की — "रखमाजी, वाजव रे! पंगत बसली!" वरणभातावर सारंग, जिलबीवर सारंग! आणि त्याला स्वतःला वाढायचे सगळ्यांत शेवटी, भांडी खरवडून.

हसताय? तुमच्या लग्नात सनईला कोण होतं? नाही आठवत. जिलबी? — बघा, कशा माना डोलल्या!

तर काय झालं — कधीकाळी एक परदेशी अभ्यासक रखमाजीचं वाजवणं टेपवर घेऊन गेला होता. तिकडे ते लोक ऐकत राहिले. आणि एके दिवशी बातमी आली — आयुष्यभराच्या कलासेवेबद्दलचा मोठा जागतिक सन्मान, बोरवंडच्या रखमाजीला! सगळं गाव एका आवाजात म्हणालं — "कोण रखमाजी?"

रखमाजी विमानानं गेला, पदक घेऊन आला. बायको चंद्राबाई विचारते, "काय दिलं वो तिकडं?"

"पदक दिलं. त्याचं काय न्हाई. पन चंद्रे, सारंग शेवटपतुर वाजवू दिला! येक मानूस उठला न्हाई. खोकला आला तर त्वांड दाबून बसली मानसं."

"आन् जेवनं?"

"मागनं. पयलं मला वाढलं."

चंद्राबाईनं पदक हातात घेऊन उलटंपालटं बघितलं. मग म्हणाली, "आपलं गाव आइकंल का वो असं?"

तोवर सत्कार समितीचे अध्यक्ष दारात हजर — बापूसाहेब ढमढेरे! "रखमाजी, मागा! कमान उभारू? रस्त्याला नाव देऊ?"

"काय नगं, बापूसाहेब. गावानं येकदा बसून सारंग आइकावा. शेवटपतुर."

"एवढंच? अहो, दिलं!"

सत्काराला देवळापुढे मांडव पडला. मागच्या अंगाला चुली पेटल्या. बापूसाहेब बोलायला उभे राहिले — "रखमाजी आमच्या गावाचं भूषण!" डोळ्यांत पाणी! भाषण मागच्या सत्काराचंच होतं, नाव तेवढं बदललं होतं. पण पाणी ताजं होतं हो! मग शाली आल्या. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी — माणूस दिसेना! सूर्य डोक्यावर आला, जिलबीचा वास मांडवात आला, आणि तेव्हा कुठे सनई रखमाजीच्या हातात आली.

आता नीट ऐका, गंमत इथे आहे. सनईच्या तोंडाशी ताडाच्या पानाची बारीक पत्ती असते. ती ओली करून नीट बसवावी लागते, तेव्हा सूर निघतो. रखमाजी तिला पानच म्हणायचा. त्यानं ते ओठांत धरलं, बसवलं, आणि माइकमध्ये भोळेपणानं म्हणाला — "मंडळी, जरा दम धरा. पान लागलं, की —"

"पानं लागली!" मागची रांग उठली! मागची उठली म्हणून मधली उठली! मधली उठली, तर पुढच्यांनी काय पाप केलंय? आणि तेवढ्यात सनई सुरू झाली — मग तर शंकाच मिटली! सनई म्हणजे पंगत! बोरवंडच्या पोटाला पिढ्यान्‌पिढ्या एवढंच ठाऊक.

बापूसाहेब पंगतीत फिरताहेत — "घ्या हो, लाजू नका!" तिकडे सारंग चाललाय. जिलबीची परात वाजंत्र्याच्या पोराकडे — चुकलो, भूषणाच्या पोराकडे — वळली. बापूसाहेब सवयीनं ओरडले, "अरे, वाजंत्र्यांना शेवटी वाढा!"

बोलून गेले. आणि थांबले.

अख्खी पंगत थांबली. हातातला घास हातात. पहिल्यांदाच गावाला सनई ऐकू आली — आणि नेमकी त्याच वेळी ती संपली.

बापूसाहेब उष्ट्या हातानं मांडवाकडे धावले. खुर्च्या मोकळ्या. व्यासपीठ मोकळं. शालींचा ढीग खुर्चीवर. आणि रखमाजी? दारात! चपलांशेजारी!

"रखमाजी, अहो, इथे का?"

"पंगत बसली न्हवं? मग पाय आपसूक हितं आले."

बापूसाहेब धोतरासकट चपलांत बसले. "वाजवा पुन्हा. मी ऐकतो."

"पान सुकलं, बापूसाहेब. सारंगाची येळबी गेली." मग सनई फडक्यात गुंडाळत रखमाजीनं विचारलं, "पोटभर जेवला न्हवं?"

टोमणा नव्हता हो तो! टोमणा असता, तर बापूसाहेबांनी वर बघितलं असतं.

संपलं आख्यान. आत महाप्रसाद तयार आहे. शिऱ्याचा वास मलाही येतोय. पण उठण्याआधी एक सांगा. सप्ताह सुरू झाल्यापासून रोज माझ्यामागे हे गृहस्थ पेटी वाजवताहेत. यांचं नाव काय?

…

खाली नका बघू. तिकडे चपला आहेत.

यांचं नाव विठोजी गुरव. विठोजी, पेटी पुढे घ्या. तुम्हाला आवडेल ते वाजवा, हवं तेवढं. मी खाली, यांच्यात बसतो.

आणि मंडळी — शिरा गार झाला तरी चालतो.