खिशातला कांदा

हासू नका बे, पण मोताळ्याच्या उन्हात वाढलेला मी कुवेतच्या उन्हाले भ्यालो. एक उन्हाळाभर तिथी एसी बसवायच्या कामावर होतो. निघतानी मायनं एकच सांगतलं, "ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवत जाजो." रोज दुपारच्या सुट्टीत ती व्हिडिओ कॉल करे अन् म्हणे, "दाखव कांदा."

आमचा फोरमन पेशावरकडचा, पिकल्या दाढीचा खानभाई. पहिल्याच कॉलले कांदा पाहून तो पोट धरून हासला. मायनं फोनात त्याले पाह्यलं. मले म्हणे, "याच्या खिशात हाय का?"

"नाई."

"काऊन? त्याले सांगणारं कोनी नाई का घरी?"

मी ते त्याले हिंदीत सांगतलं. त्याचं हासणं थांबलं. "अब कोई नहीं," एवढंच बोलला.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला तं खानभाई माह्या आधी कॅमेऱ्यापुढं उभा. खिशातून कांदा काढून दाखवला. "अम्मा, आज है."

माय खूश झाली. मंग माह्याकडं वळली, "अन् तुहा?"

माहा सकाळीच भाजीत गेलता.

मंग उन्हाळा सरेपर्यंत कामावर निघतानी माहा खिसा खानभाईच तपासे.